टेबलाखालची बोटं

मंगळवार, १५ जानेवारी

गेले एकदाची. आणि पहिल्या पाच मिनिटांत शेण खाल्लं.

कॉलेजच्या दारापर्यंत दोनदा जाऊन दोनदा मागे फिरले. तिसऱ्यांदा समोरच्या बसमधून शाळेतल्या एका पोराची आई उतरताना दिसली, तिच्या नजरेला पडू नये म्हणून आत घुसले! खोली नंबर चौदा. दारावर कागद — 'गणित, पायाभूत वर्ग, प्रौढांसाठी'. प्रौढ! एक्कावन्न वर्षांची घोडी मी, आणि आले कशाला, तर वजाबाकी शिकायला.

कोपऱ्यातली खुर्ची धरणार तेवढ्यात मागून आवाज — "अहो मिस! मिस टॅम्स! तुम्ही इथं कुठं?"

मेसीचे आजोबा. ट्रेव्हर टनिक्लिफ. आमच्या वर्गातली ती पुढचे दोन दात पडलेली मेसी, तिला न्यायला रोज सव्वातीनला फाटकाशी उभे असतात. मी शाळेतून थेट गेलेली, गळ्यात शाळेची निळी पट्टी आणि ओळखपत्र तसंच. ते बघून त्यांनीच ठरवून टाकलं — "मदतीला आलात होय! बरं झालं बाई. दिवसा पोरांना, संध्याकाळी आम्हाला!"

आणि मी म्हटलं, "हो. मदतीला."

एवढंच. जीभ टाळ्याला चिकटली असती तर काय बिघडलं असतं?

मग म्हणाले, "चष्मा घरी राहिला हो, तेवढं वाचून दाखवता?" चष्मा! एकोणीस वर्षं ऐकतेय हे. कागद पुढे केला की ज्या पालकाला वाचता येत नाही त्याचा चष्मा हमखास घरी राहतो. वाचून दाखवलं.

सुटल्यावर नझियाला — शिकवते ती, माझ्या मुलीच्या वयाची — म्हटलं, मी टनिक्लिफ यांच्याशेजारी बसले तर चालेल का, त्यांना वाचायला अडतं. तिने माझा हातच धरला. "मदतनिसाची जागा यंदा काढूनच टाकलीय हो. किती बरं होईल!" ती हजेरी संगणकावर मनातल्या मनात लावते, नावं पुकारत नाही. म्हणजे तिच्या लेखी मी विद्यार्थिनी, आणि बाकी सगळ्यांच्या लेखी मिस. सगळं कसं छान जमून आलं! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटतेय.

गुरुवार, १७ जानेवारी

एगर्टनबाईंनी आज परत विषय काढला. सप्टेंबरात आल्यापासून या नव्या हेडबाईंना कागदांचं वेड. "सगळ्या मदतनिसांचे गणिताचे दाखले उन्हाळ्याच्या सुट्टीआधी फाइलला हवेत. ज्यांचे नसतील त्यांना पुढच्या वर्षी ठेवता येणार नाही, माझ्या हातात नाही ते." मग माझ्याकडे बघून, गोड आवाजात — "जॅनिस, सापडला का?"

"आईच्या माळ्यावर आहे. शोधतेय."

माळ्यावर काही नाही. आईच्या माळ्यावर ख्रिसमसचं झाड आणि बाबांचे बूट आहेत. सोळाव्या वर्षी परीक्षेच्या दिवशी मी बागेत बाकावर बसून राहिले, दप्तर मांडीवर घेऊन, घंटा होईपर्यंत. मग सोळा वर्षं चिनी मातीच्या कारखान्यात ताटांवर फुलांची चित्रं चिकटवली. कारखाना बंद पडला, शाळेत जागा निघाली, फॉर्मवर 'गणित' अशी एक ओळ होती. तिच्यापुढे 'उत्तीर्ण' लिहिलं. कुणी विचारलं नाही.

आता परीक्षा जूनमध्ये. पास झाले तर नवा दाखला गुपचूप फाइलमध्ये सरकवायचा. तारीख कोण बघतंय? नाही झाले तर शाळाही गेली आणि अब्रूही.

मंगळवार, २२ जानेवारी

ट्रेव्हर म्हणजे अजबच! प्रश्न वाचायला मी, आणि मी वाक्य संपवायच्या आत उत्तर त्यांच्या तोंडात. तीस वर्षं क्लबात डार्ट्सचे गुण फळ्यावर मांडतात. पाचशे एकवरून खाली यायचं. "एकशे सदतीस गेले, उरले तीनशे चौसष्ट." श्वासही घेत नाहीत मध्ये! मी टेबलाखाली बोटं मोजून ताळा करत होते, आणि मान अशी डोलवत होते की जणू मला आधीच ठाऊक होतं.

"बरोबर का मिस?"

"अगदी बरोबर. शाब्बास."

शाब्बास म्हणे! कुणी कुणाला म्हणायचं!

घरी नवऱ्याने, कीथने, विचारलं, "किती उतरलं?" त्याला सांगितलंय की मंगळवारी वजन घटवायच्या क्लबात जाते. दोन पौंड म्हटलं. एक खोटं बोललं की त्याला जेवायला-खायला घालायलाही खोटंच लागतं.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

आज मेलेच होते. केली — दुकानात रात्रपाळी करते ती पोरगी — वही घेऊन सरळ माझ्याकडेच आली. "मिस, तीन अष्टमांश मोठं की दोन पंचमांश?" मला कुठलं ठाऊक! पण एकोणीस वर्षांचा धंदा कामी आला. चेहरा शाळेतला केला आणि म्हटलं, "तुला काय वाटतं?"

तिला काहीच वाटत नव्हतं. तेव्हा ट्रेव्हर म्हणाले, "अगं, दोन्हीकडे चाळीस ओटकेक मांड. इकडे आठ जणांत वाट, तिकडे पाच जणांत. एकाच्या वाट्याला इकडे पाच येतात, तिकडे आठ. आता इकडे तिघांचं उचल, तिकडे दोघांचं. पंधरा आणि सोळा!" केलीला कळलं. मलाही, जन्मात पहिल्यांदा. मी पुन्हा म्हटलं, शाब्बास ट्रेव्हर.

त्यांची एकच खोड जात नाही. गणितात विचारलेलं असतं रंग किती लागला, हे सांगतात किती उरला. किती पैसे गेले, तर हे सुटे किती परत आले ते सांगतात. "अहो, गेले किती ते विचारलंय!" तर म्हणतात, "गेलेलं मोजून काय करायचं मिस? गेलं ते गेलं. खेळायचं ते उरलेल्यावर."

टाइल्सच्या गोदामात माल मोजायची नोकरी त्यांना कबूल झालीय. हा दाखला मिळाला तरच. एकसष्ट वर्षं वय. ही शेवटची नोकरी म्हणतात.

सोमवार, २५ फेब्रुवारी

वर्गात पोरांना ट्रेव्हरची वजाबाकी शिकवली. हजारातून सहाशे सदतीस काढायचे नाहीत, सहाशे सदतीसवरून हजाराला चढत जायचं — तीन, मग साठ, मग तीनशे. पोरं खूश. मेसी ओरडली, "मिस, हे तर माझे आजोबा शिकवतात!"

"हो का?" मी म्हटलं. चोराच्या मनात चांदणं.

मंगळवार, ५ मार्च

आज पॅनकेकचा मंगळवार, घरोघरी पॅनकेक खायचा सण. घरी आले तर कीथने ढीग रचलेला. लिंबू, साखर, सगळं मांडून ठेवलेलं. "तू एकच घे, तुझं ते चाललंय ना." आणि मग ओट्याशी उभा राहून बोटं मोजायला लागला. "दोन दोन करत सात आठवडे, चौदा पौंड... जॅनिस, अख्खा एक स्टोन गेला की गं! कुठनं गेला?" आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

एक खाल्ला. मग तो टीव्हीसमोर गेल्यावर ओट्याशी उभ्यानेच पाच हाणले.

मंगळवार, १९ मार्च

व्हायचं ते झालं. ट्रेव्हर म्हणाले, "नझिया विचारत होती, परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला माणूस लागेल का. आधी अर्ज करावा लागतो म्हणे. मी म्हटलं, मला परकं माणूस कशाला? आमच्या मिस आहेत की! तेवढं तिला तुम्हीच सांगून टाका."

तेव्हा सांगायचं होतं. हीच वेळ होती! ट्रेव्हर, मी तुमच्या बाजूच्या टेबलाशी परीक्षेला बसणार आहे, मी कुणाची मिस नाही, मला तुमच्याएवढंसुद्धा येत नाही. तोंड उघडलंही होतं.

"सांगते," म्हटलं.

मंगळवार, २६ मार्च

"सांगितलंत का नझियाला?"

"हो, सांगितलं."

माझ्याकडे निरखून बघितलं. मग म्हणाले, "बरं."

घरी येऊन भांडी घासली, घासलेलीच परत घासली. ज्या माणसाला वाचता येत नाही त्याला तोंडावर फसवलं मी. जनाची नाही तर मनाची तरी हवी होती.

बुधवार, २७ मार्च

दुपारी नझियाला फोन लावला. वाजायला लागला तसा ठेवून दिला.

मंगळवार, ३० एप्रिल

ईस्टरची सुट्टी मध्ये आली आणि मी मनाशी म्हणत राहिले, सुट्टीनंतर. आज नझियाने वर्गाला सांगितलं, "खास सोयींचे अर्ज गेले सगळे. आता नवीन कुणाचा घेता येणार नाही."

ट्रेव्हर पेन्सिलीला टोक करत होते. वर बघितलंसुद्धा नाही. माझ्यावर विसंबून निवांत! पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले ती दहा मिनिटं बाथरूममध्ये बसून होते.

आणि तरी — हे इथेच लिहिते, बाहेर कुठे सांगायची सोय नाही — त्या दहा मिनिटांतसुद्धा मनात आलं ते हेच, की आता सांगून उपयोग काय. किती सोयीचं! किती सोयीचं बोलतं माझं मन!

मंगळवार, २१ मे

सराव परीक्षा. मला साठापैकी एक्केचाळीस. छत्तीसला पास. आयुष्यात पहिल्यांदा गणितात पास! टक्के काढायची ट्रेव्हरची रीत — दहा टक्के काढ, त्याचं अर्धं कर, बेरीज. पेपर घडी करून पर्सच्या तळाशी ठेवला. कुणाला दाखवू?

ट्रेव्हरना मी वाचून दाखवला होता. त्यांना अठ्ठावन्न. दोन गेले ते 'किती उरले' मुळे.

मंगळवार, ४ जून

शेवटचा वर्ग. ट्रेव्हर सगळ्यांसाठी ओटकेक घेऊन आले, धिरड्यांसारखे, चीज आणि बेकन घालून गुंडाळलेले, टॉवेलात बांधून गरम ठेवलेले. मला दोन दिले. "खा मिस. पुढच्या मंगळवारी आहेच आपली लढाई."

दोन घास गिळले. उरलेलं रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं.

जाताना दाराशी थांबले. "मिस, काही सांगायचं होतं का?"

"नाही. का हो?"

"नाही, सहज." टोपी घातली आणि गेले.

मंगळवार, ११ जून

ट्रेव्हर नाही आले.

मोठं सभागृह, रांगेत टेबलं, प्रत्येक टेबलावर नावाचं कार्ड. जॅनिस टॅम्स, खाली नंबर. मी ते कार्ड हाताने झाकून बसले, ते आत आले की आधी माझी मान दिसेल, मग कार्ड दिसेल, मग त्यांना कळेल. धरणीने पोटात घेतलं तर बरं असं वाटत होतं. केली आली, बाकीचे आले. केलीने मला बघितलं, भुवया वर केल्या, आणि बसली. ट्रेव्हर नाहीत. दार बंद झालं. नझियाला आत यायची परवानगी नसते, विचारू कुणाला?

आणि मग मी पेपर सोडवला. हो, सोडवला! सगळा. खालून वर चढत, दहा टक्के काढत, ओटकेक वाटत. त्यांच्या रीतीने एकेक गणित सुटत होतं आणि ते कुठेतरी घरी बसले असतील. कुणी वाचून दाखवणार नाही हे त्यांना दाराशी कळलं असेल. चारचौघांत. 'चष्मा विसरलो' म्हणून परत फिरले असतील.

सोळाव्या वर्षी मी बाकावर बसून राहिले होते. आज दुसऱ्याला बसवलं.

गुरुवार, १३ जून

फाटकावरची ड्यूटी दुसऱ्या वर्गाच्या मदतनीस शीलाशी बदलून घेतली. गुडघा दुखतो म्हटलं.

बुधवार, १९ जून

मेसी म्हणाली, "मिस, आजोबा विचारत होते, तुम्ही फाटकाशी का नसता?"

"गुडघा दुखतो गं."

"मी सांगू त्यांना?"

"नको," मी इतक्या जोरात म्हटलं की ती रडवेली झाली.

गुरुवार, ४ जुलै

पाकीट आलं. पास.

बाथरूमचं दार लावून उघडलं. जाड कागद, सोनेरी किनार, माझं नाव. या दिवसाची पस्तीस वर्षं वाट बघितली आणि आता हा कागद हातात धरवत नाही. माझ्या नावाखाली त्यांचंही नाव छापलेलं असायला हवं होतं.

ऑफिसातली ग्लेनिस उद्याचा सोडून पुढच्या शुक्रवारी, बाराला, सुट्टीवर आहे. फाइलींचं कपाट उघडंच असतं. तेव्हा सरकवायचा.

गुरुवार, ११ जुलै

शीला आजारी. फाटकावर मलाच जावं लागलं. कचऱ्याच्या मोठ्या डब्यांआड उभी होते, पोरांना बाहेर सोडत. लपाछपीच की! या वयात!

"ए जॅनिस!"

मिस नाही. जॅनिस. मी वळले.

"काय गं, झालीस ना पास?" ट्रेव्हर. दात काढून हसत होते. "मी झालो! सोमवारपासून गोदामात."

तुम्ही तर आलाच नव्हता, एवढंच कसंबसं म्हटलं.

"नव्हतो कसा? ज्याला वाचून दाखवायचं त्याला वेगळ्या खोलीत बसवतात, बाकीच्यांना त्रास नको म्हणून. मोठी गोड बाई होती वाचायला. पण तुझ्यासारखं नाही हो वाचत." मग आवाज खाली आणला. "तू 'सांगितलं' म्हणालीस ना, तेव्हा तुझे कान लालबुंद झाले होते. दुसऱ्या दिवशी मीच नझियाला फोन करून अर्ज भरायला लावला."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुसऱ्याच मंगळवारी. मदतीला आलेली बाई टेबलाखाली बोटं मोजत नाही गं. मी चाळीस वर्षं चष्मा घरी विसरलोय, जॅनिस. चोराच्या वाटा चोराला ठाऊक."

मी रडायला लागले, तिथेच, पोरांच्या आयांसमोर. म्हटलं, मग ते वाचायला बसायचं कशाला काढलंत? मला छळायला?

"छळायला नाही. म्हटलं दाराला एक फट ठेवू, तुझी तू बाहेर येशील. नाही आलीस. रागही आला मला, खोटं कशाला बोलू. पण मग म्हटलं, मी तरी इतकी वर्षं कुठं बाहेर आलो होतो."

मग मी सगळं सांगितलं. फॉर्म, माळा, एगर्टनबाई, उद्याचं उघडं कपाट. एकोणीस वर्षं. ते ऐकत होते आणि मेसी त्यांच्या बाहीला लोंबकळत होती.

"एकोणीस गेली ती गेली," म्हणाले. "सदुसष्टला नोकरीतून सुटतेस ना? उरली किती?"

"सोळा."

बोटं न मोजता.

जेवताना कीथला सांगून टाकलं, क्लब-बिब काही नव्हता म्हणून. त्याने काटा खाली ठेवला. "मला वाटलं बाहेर कुणी माणूस आहे तुझा! वजन तर काडीचं उतरलेलं नव्हतं." मग उठून दाखला बघायला मागितला, आणि दोनदा वाचला. उद्याचं बोललो नाही आम्ही. नोकरी गेली तर काय, तेही नाही.

शुक्रवार, १२ जुलै

कपाट उघडंच होतं. तिथून पुढे गेले, एगर्टनबाईंचं दार वाजवलं, पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "तारीख बघा."